बेडूक कोणाचा कोण

"हा बेडूक कोण म्हणालास?" बाबांनी विचारलं.

"राजाचा मेव्हणा," तो म्हणाला. "पहिल्या राणीचा भाऊ. शापामुळे डोंगराएवढा झालाय."

"मग गाव का तुडवतोय?"

"त्याला वाटतंय, तिथे त्याचा जुळा भाऊ लपलाय. पण तो जुळा नाहीच. प्रधानाने त्याचं रूप घेतलंय."

"अस्सं!" म्हणून बाबा पुन्हा टीव्हीकडे बघायला लागले. रबरी बेडकाने पुठ्ठ्याचा बुरूज पाडला. त्याच्या पोटावरची चेन लख्ख दिसत होती.

पिक्चर त्याचाच. त्यानेच लिहिलेला, त्यानेच दिग्दर्शित केलेला आणि पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटलेला. बेडूक परवडला पण गोष्ट आवरा, असं लोक म्हणाले होते. नुसतं नाव काढलं तरी त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि तेच लचांड दोन वर्षं रोज दुपारी जेवणानंतर घरात लागत होतं. गोळ्यांच्या वेळा बाबांना तोंडपाठ होत्या. पिक्चरची तेवढी रोज सकाळी पाटी कोरी! म्हातारपणच ते, त्याला काय नियम असतो?

दोन खोल्यांचं घर. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. कधी कधी त्याला वाटायचं, त्या बेडकाच्या पोटात आपणच अडकलोय आणि चेन कोणीतरी बाहेरून लावलीय.

आज मात्र सुटकेची वाट दिसत होती. दुसऱ्या शहरातल्या एका स्टुडिओतून फोन आला होता. मुलांसाठी मालिका लिहायच्या, राहायला खोली मिळेल, हो की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवा. त्याने हे कोणालाच सांगितलं नव्हतं, फक्त ताईला बोलावून घेतलं होतं. बाबांना काही दिवस ने, एवढंच तिला म्हणाला होता.

"बाबा, चला ना माझ्याकडे," ताई म्हणाली. "मुलं आहेत, अंगण आहे. करमेल तुम्हाला."

बाबांनी चटकन त्याचा हात धरला. "आणि मला बेडूक कोण समजावणार?"

"मी समजावीन की."

"तुला नाही जमायचं. त्यालाच जमतं ते."

ते हात सोडेनात. त्याला भडभडून आलं. याच हाताला धरून तो चालायला शिकला होता. कसाबसा हात सोडवून तो उठला, गॅलरीत गेला, मागे दार लोटलं आणि स्टुडिओला फोन लावला.

"मला नाही जमणार. घरी वडील आहेत."

"बघा हं," पलीकडचा म्हणाला. "परत विचारणार नाही आम्ही. दुसरा लेखक समोरच बसलाय."

"त्यालाच द्या."

फोन ठेवल्यावर त्याला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं. चला, एकदाचा विषय संपला. डोळे पुसून तो आत यायला वळला. दार पुरतं लागलं नव्हतं. आत बाबा हळू आवाजात, पण घडाघडा बोलत होते.

"प्रधानाची सावली राजकन्येने विकत घेतली, म्हणून बेडकाला ती आपली बहीण वाटते. त्यात न कळण्यासारखं काय आहे? अख्खा पाठ आहे मला."

"अहो, मग रोज विचारता कशाला?" ताईचा आवाज चढला.

"हळू बोल. पिक्चर पडला तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून असायचा गं हा. जेवायलाही उठेना. एकदा मी सहज विचारलं, हा बेडूक कोण रे? तर उठून बसला, तासभर बोलला, पोटभर जेवला. तेव्हापासून मी रोज विसरतो झालं." बाबांनी उसासा टाकला. "वीट आलाय बघ त्या बेडकाचा. याला एकदा कुठे काम लागू दे, त्याच दिवशी सामान बांधून तुझ्याकडे येतो."