जाचकसाहेबांचं ठणठणीत विमान

"हे विमान कधी आपटलेलंच नाही," विमान विकायला काढलेले जाचकसाहेब हँगरच्या शेडमध्ये गिऱ्हाइकाला सांगत होते. तेवढ्यात गिऱ्हाइकाने तपासणीला आणलेला मेकॅनिक पुढे आला आणि साहेबांचा चेहरा पडला. मुलाणी!

दोन वर्षांपूर्वी साहेबांनी विमान धाडकन उतरवून चाकाचा दांडा मोडला होता, आणि खापर मुलाणीच्या दुरुस्तीवर फोडलं होतं. त्याची नोकरी गेली, नावही गेलं.

मुलाणीने हत्यारांची पेटी उघडलीच नाही. "एवढं ठणठणीत आहे, तर साहेबच तुम्हाला फिरवून आणतील." गिऱ्हाईक आत चढून पट्टा लावून बसलंसुद्धा.

साहेबांना घाम फुटला. "नको... दांडा कच्चा आहे. तेव्हा मीच आपटलं होतं," ते पुटपुटले.

"मोठ्यानं बोला, साहेब," मुलाणी गोड हसला. "माझं नाव घेतलंत, तेव्हा अख्ख्या हँगरला ऐकू गेलं होतं."