वॉर्डाला लागून एक खोली

लष्करी हॉस्पिटलच्या मेजरसाहेबांनी टेबलावर नकाशा पसरला आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चारी कोपऱ्यांवर चहाच्या बश्या ठेवल्या.

"ही इंग्रजांच्या वेळची बैठी बराक पाडायची. इथं दुमजली सर्जिकल ब्लॉक येईल. आणि हा इकडं जुन्या पेशंटांचा नवा वॉर्ड. तुम्ही घरची माणसं आहात. काय हवं, काय नको, आत्ताच सांगा. भिंती उठल्यावर सांगून उपयोग नाही."

मग कोपऱ्यातून बोरगावची तानीबाई उठली. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळून चाळून तिचा आवाज पार घोगरा झाला होता.

"सायेब, वॉर्डाला लागून आमास्नी एक खोली द्या. ऱ्हायाला. माझ्या मालकाचं समदं मी करीन."

"तिथं ड्यूटी सिस्टरची खोली दाखवलीय बाई."

"तीच द्या की."

मेजरसाहेब हसले. पण त्यांनी पेन्सिल उचलून नकाशावर खूण केली.

तानीबाईचा नवरा भीमाप्पा एकाहत्तरच्या लढाईत जखमी झाला होता. छर्रे डोक्यात गेले. नजर गेली, कमरेखालचं अंग गेलं. बऱ्याच ठिकाणी फिरवून शेवटी त्याला बेळगावच्या कॅम्पातल्या या हॉस्पिटलात आणलं, ते घराजवळ म्हणून. तानीबाई महिन्या-दोन महिन्यांनी यायची. वखार सोडून जास्त येता यायचं नाही. घरी म्हातारी सासू होती, शाळेत जाणारी लेक होती.

ती कॉटपाशी उभी राहून म्हणायची, "मी आलोय. बरं हाय न्हवं?"

"बरं हाय," भीमाप्पा म्हणायचा. "बसा."

बसा! लग्नाच्या बायकोला! तानीबाईला ते काट्यासारखं टोचायचं. ती गावाकडचं काहीबाही सांगत राहायची. तो मान हलवायचा आणि थोड्या वेळानं भिंतीकडं तोंड करायचा.

एकदा ती ठरल्या वेळेच्या आधीच आली. व्हरांड्यातच तिला हसणं ऐकू आलं. भीमाप्पाचं हसणं. कितीतरी वर्षांत न ऐकलेलं.

"अगं, बस की जरा. काय घाई हाय तुला?" तो म्हणत होता.

कॉटच्या कडेला गुणा सिस्टर बसली होती. खानापूरकडची, तरणीताठी, गोऱ्या हाताची. ती त्याला भात भरवत होती. आणि एरवी सगळ्यांशी पुस्तकातल्यासारखं बोलणारी ही बया त्याच्याशी मात्र गावाकडचं बोलत होती, "खावा की वो गपगुमान!"

तानीबाईला दारात बघताच ती दचकून उठली. नुसता पदर सावरला आणि ताटली घेऊन लगबगीनं निघून गेली.

त्या दिवसापासून तानीबाई जळू लागली. वखारीत तंबाखूचा ढीग उपसतानाही डोळ्यांपुढं तेच. तो गोरा हात आणि तो घास. तिच्या हाताला तर तंबाखूचा काळा चिकटा बसलेला, धुऊन जायचा नाही.

पुढच्या खेपेला गुणा सिस्टरनं तिला आवारातल्या झाडाखाली गाठलं.

"आक्का, तुमच्या म्हशीचं नाव काय हो? लेक आता कितवीत गेली? तुमच्या लग्नात जेवायला काय होतं?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. असंच."

माझा मालक घेतलास, बोली घेतलीस, आता घरबी पायजे व्हय गं तुला? तानीबाईच्या ओठांवर आलं होतं. पण ते गिळून ती सरळ मेजरसाहेबांच्या ऑफिसात गेली.

"सायेब, नव्या वॉर्डात ती गुणा शिस्टर नगं."

"का? काही तक्रार आहे?"

"तक्रार न्हाय. मी हाय म्हटल्यावर तिचं काय काम?"

साहेबांनी वहीत नोंद केली. "ठीक आहे. सर्जिकल ब्लॉकला चांगल्या सिस्टर लागणारच आहेत."

बराक पडली. वाळूचे, खडीचे ट्रक येऊन रिकामे होऊ लागले. दर खेपेला तानीबाई आधी बांधकामाकडं जायची. भिंत गुडघ्याला आली, छातीला आली, स्लॅब पडला. गवंडी तिला ओळखू लागले. आपल्या खोलीची खिडकी कॉटच्या बाजूला उघडते की नाही, हे तिनं स्वतः उभं राहून बघितलं.

सासू नि लेक भावाकडं ठेवून, वखार सोडून ती आली, तेव्हा वॉर्डाला अजून रंगाचा वास होता. गुणा सिस्टर पेटी घेऊन व्हरांड्यात उभी होती.

"आक्का, जायच्या आधी एक सांगायचं होतं. भीमाप्पांचं..."

"माझ्या मालकाचं मला नगं सांगूस."

"ऐका तरी. त्यांना तुमची..."

"जा म्हनलं न्हवं!"

सिस्टरचे डोळे भरून आले. तिनं पेटी उचलली आणि ती नव्या ब्लॉककडं चालू लागली. तानीबाई तिच्या पाठमोऱ्या पांढऱ्या कपड्यांकडं बघत राहिली. कितीतरी वर्षांनी तिला गार वाटलं.

मग तिनं स्टोव्ह पेटवला. शाळूची भाकरी थापली, वांग्याचं भरीत केलं, त्याला आवडायचं तसं झणझणीत. हात राखेनं घासून घासून धुतले. ताट घेऊन कॉटवर टेकली. त्याच्या उशाशी आता फक्त ती होती.

"घ्या," तिनं घास त्याच्या ओठांशी नेला.

भीमाप्पानं तोंड मिटून घेतलं. चाचपडत तिचा हात हळूच बाजूला सारला आणि कान दाराकडं लावून तो लाजल्यासारखा हसला.

"ऱ्हाऊ द्या, बाई. तुमी कशापायी तरास घेताय? माझी तानी येतीया न्हवं आता. रोज तीच भरवती मला."