निशाणी दिसता कामा नये

भिंतींवर पोस्टर लागलं नाही, तर मालोजीचा फायदा उघड होता. पिंपरीच्या त्या चार चाळींच्या वसाहतीत पिठाची गिरणी त्याचीच. प्रत्येक घरचा डबा आठवड्यातून एकदा त्याच्या पुढ्यात यायचा. त्याला ओळख करून द्यायची गरज नव्हती. नगरपालिकेच्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला भीमराज कंपनीत टर्नर. शिफ्टबाहेर त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. पोस्टर हवं होतं ते त्याला.

म्हणून पोस्टरबंदीचा ठराव मालोजीनेच मांडला. मागच्या निवडणुकीत डांबराने माखलेल्या भिंती रहिवाशांनी दोन रविवार राबून चुन्याने पांढऱ्या केल्या होत्या, त्यामुळे कोणी नाही म्हणालं नाही. भीमराजने तर सगळ्यांच्या आधी हात वर केला. सरकारचा हुकूम नव्हता. आपणच आपल्याला घातलेला नियम होता. शब्द मालोजीचे: 'मतदानापर्यंत कोणाचीही निशाणी वसाहतीत दिसता कामा नये.'

मग निशाण्यांचं वाटप झालं. मालोजीला छत्री मिळाली, भीमराजला सायकल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या शिफ्टच्या शंभरावर सायकली गिरणीसमोरून आकुर्डीकडे गेल्या. मालोजी दारात उभा राहून मोजत होता. संध्याकाळी तो भीमराजच्या घरी गेला.

"भीमराज, ही पोस्टरंच की राव. चाकं लावलेली."

भीमराज भांडेल अशी त्याची अटकळ होती. भांडला असता, तर नियम कोण मोडतंय हे गिरणीत बसून आठवडाभर सांगता आलं असतं. भीमराजने बायकोकडे पाहिलं. चिमाबाई हसू दाबत चहा गाळत होती.

"खरं आहे तुमचं, मालोजीराव," तो म्हणाला. "शब्द दिलाय. उद्यापासून सायकली घरात."

दुसऱ्या दिवसापासून वसाहत चालत कामाला निघाली. भीमराजची माणसं निघाली, तशी मालोजीचीही; सायकल काही एकाच बाजूची नव्हती. आकुर्डी पाच किलोमीटर, जाऊन येऊन दहा. वाटेत दुसऱ्या चाळींतले लोक विचारत, सायकली विकल्या का काय? मग सगळा किस्सा पहिल्यापासून सांगावा लागे. बायका भाकरी थापायला तासभर आधी उठू लागल्या, आणि ज्यांना उमेदवारांची नावं ठाऊक नव्हती त्यांनाही निशाणी पाठ झाली. मालोजी मात्र खूश होता. थंडीचे दिवस, छत्री लपवायला त्याला काही मोजावं लागत नव्हतं.

आठव्या दिवशी त्याचा चुलतभाऊ दत्तोबा गिरणीत आला आणि पायताण काढून टाच चोळत बसला. मालोजीने त्याला समजावलं, अजून तीन दिवस कळ काढ, घरचंच काम आहे.

"काढतो की," दत्तोबा म्हणाला. "मत माझं हाय, तसं पायबी माझंच हायती."

मालोजीला हे आश्वासन वाटलं.

मतमोजणीत वसाहतीची पेटी उघडली. छत्रीला सात मतं. भिंती पांढऱ्याशुभ्र राहिल्या होत्या, नियम कोणी मोडला नव्हता, आणि अकरा दिवस घरोघरी त्याची किंमत पायांनी मोजली गेली होती. फक्त एका घराने ती मोजली नव्हती. त्या घराच्या दारात स्कूटर होती, आणि घरात मतदार सात.