घड्याळजींची साक्ष

घड्याळजींच्या क्रेडिट कार्डावर कुणीतरी डल्ला मारला, तेव्हा त्यांनीच पोलिसांना बजावलं होतं, "कुणी का असेना, चोराला सोडू नका." चोर निघाली पोटची पोरगी! मग पोलीस साहेबांच्या हातापाया पडूनही तक्रार मागे घेता येईना.

आज साक्षीच्या पिंजऱ्यात घड्याळजींनी कठडा घट्ट धरला. "साहेब, कार्ड मीच तिला दिलं होतं."

"म्हणजे तुमची तक्रार खोटी होती?" सरकारी वकिलांनी विचारलं. "त्यासाठी तुम्हाला तुरुंगात जावं लागेल, कळतंय ना?"

"जातो ना. पण तिला सोडा."



समोरच्या पिंजऱ्यातून पोरगी हुंदका गिळत म्हणाली, "साहेब, माझ्या बाबांना धड खोटंसुद्धा बोलता येत नाही. कार्ड मी चोरलं होतं."