कोऱ्या काचेवरची बेटं

"अगं, मोठा घोळ झालाय," फारूक दारातूनच म्हणाला. त्याच्या हातात नखाएवढी काच होती आणि चेहरा पार उतरला होता. "तुला दिलेले सूक्ष्मदर्शकाचे सगळे फोटो हिचे निघाले. हिच्यावर आपण थर चढवलाच नव्हता. त्यात दिसतात ते ठिपके नुसत्या धुळीचे आहेत."

शलाकाने स्क्रीनकडे पाहिलं. लेझरच्या प्रत्येक ठोक्यासरशी उडालेले तिच्या संगणकी मॉडेलमधले अणू थर चढवायला काचेवर पडत होते, भटकत होते आणि एकमेकांना गाठून त्यांची बेटं होत होती. या बेटांवरच तिची पीएचडी उभी होती. त्यांची संख्या आणि आकार फोटोंतल्या ठिपक्यांशी तंतोतंत जुळले, तेव्हा एरवी चहासुद्धा न पाजणाऱ्या सरांनी अख्ख्या लॅबला पेढे वाटले होते.

"खऱ्या थराचे फोटो संध्याकाळपर्यंत देतो," फारूक अजिजीने म्हणाला. "तुझं मॉडेल चांगलंय गं. त्यांच्याशीही जुळेल."

"जुळेल ना," शलाका म्हणाली. तिने स्क्रीन बंद केला. "दोन-चार आकडे इकडचे तिकडे केले की ते कशाशीही जुळतं. धुळीशीसुद्धा जुळलंच की."