तीनची नोंद

शीतकोठीचं जाड दार पाठीमागे धप्पकन लागलं, तेव्हा मुकादम नुसता हसला. आत उणे अठरा अंश, अंगात एक जाकीट, हातात मोजे नाहीत. दोन मिनिटांचं काम म्हणून तो तसाच आत शिरला होता. आतून उघडायचा दट्ट्या आठवडाभर बर्फानं धरून ठेवला होता, आणि दुरुस्तीवाल्याला सांगायचं तर ‘उद्या बघू, उद्या बघू’ करत त्यानंच चालढकल केली होती. आता भोगा, असं स्वतःला म्हणत त्यानं दट्ट्याला खांदा लावला. दट्ट्या ढिम्म हलेना.

घड्याळात दोन वाजून सात मिनिटं झाली होती. भिंतीपलीकडे मटार सोलायची आणि भरायची यंत्रं धडधडत होती. त्या गोंगाटात दार बडवून कुणाला ऐकू जाणार? हमाल यायचे ते ट्रकबरोबर, थेट पाचला. फोन बाहेर दाराजवळच्या टेबलावर, कारण थंडीत त्याची बॅटरी मान टाकायची. पण मुकादम घाबरला नाही. त्याचा सगळा भरवसा मास्तरवर होता.

मास्तर म्हणजे फोनमधला चॅटबॉट. कामगारांनीच त्याला हे नाव ठेवलं होतं, कारण दर तासाला तो हजेरी घेतल्यासारखा विचारायचा, किती खोकी आली, किती खराब निघाली. आकडा गेला नाही, तर दहा मिनिटांनी तो नोंदकक्षात घंटा वाजवायचा. मग तिथून फोन यायचा, आणि तोही उचलला नाही तर पहारेकरी बघायला यायचा. म्हणजे तीन वाजून दहा मिनिटं, फार तर पंधरा. तासाभरात काही माणूस मरत नाही, असं मनाशी पक्कं करून त्यानं खोक्यांच्या रांगांमधून येरझाऱ्या सुरू केल्या.

पाऊण तासानं बोटं आपली वाटेनाशी झाली. मिशीवर पांढरं जमलं. त्यानं उरलेला वेळ कसाबसा रेटला. तीन वाजले. आता मास्तर विचारेल, उत्तर मिळणार नाही, आणि मग... तेवढ्यात तो चालता चालता थबकला. उत्तर मिळणार होतं. त्यानंच तशी सोय करून ठेवली होती.

झालं होतं असं. एका बड्या गिऱ्हाइकाच्या हट्टापायी कारखान्याच्या नोंदी आता ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवरच्या एका सामाईक साखळीत, चढायच्या. एकदा चढलेली नोंद मालकालाही खोडता यायची नाही, आणि चढवायला दर खेपेला फी पडायची. म्हणून सगळ्या विभागांचे आकडे एकत्र बांधून तासाच्या ठोक्याला एकाच फीमध्ये पाठवत. उशीर करणाऱ्याची नोंद एकटी जायची, तिची फी वेगळी, आणि ती त्याच्या विभागाच्या बोनसमधून वजा. मुकादम पडला मुलखाचा रेंगाळ्या. त्याचा आकडा रोज आठ-नऊ मिनिटं मागे. त्यात नोंदकक्षात बसायची त्याची सख्खी मेहुणी. ती कारखान्यात बोलायचीच, सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे जेवायला आली की भरल्या ताटावरही बोलायची. त्याचे कान किटले होते. म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत त्यानं एक ते पाचचे आकडे अंदाजानं लिहिले आणि ठोक्याला आपोआप जातील असे लावून ठेवले. एकचा आणि दोनचा गेलाही होता.

म्हणजे आता तीनला मास्तर खूश. चारला खूश. पाचलाही खूश. आत तो मेला, तरी साखळीत पाच वाजेपर्यंत कामावर हजर राहणार होता, आणि ती हजेरी कुणाच्या बापाला पुसता येणार नव्हती. मुकादमाला रडू फुटलं. बोलणी चुकवायला गेलो आणि जीव घालवून बसलो, ही शरम त्याला थंडीपेक्षा जास्त बोचली. बायकोला हे कोण आणि कसं सांगेल, या विचारानं तो वेडापिसा झाला. त्यानं एक खोकं उचलून दारावर घातलं. पुन्हा घातलं. खोकं फाटून मटार चहूकडे उधळले. तिसऱ्यांदा ते हातातून निसटलं आणि तो तिथेच खाली बसला. डोळ्यांवर झापड येत होती. ही झोप बरी नव्हे, एवढं त्याला कळत होतं. पण उठवत नव्हतं.

दार उघडलं. उजेडात मेहुणी उभी होती, तिच्या मागे पहारेकरी. दोघांनी त्याला काखेत धरून बाहेर ओढलं. पहारेकऱ्यानं अंगातला कोट काढून त्याच्यावर घातला आणि तो गरम पाणी आणायला धावला. मेहुणी त्याचे हात चोळत राहिली.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून सहा मिनिटं झाली होती. मास्तरची घंटा तर वाजलीच नसणार.

“नोंदी तर जात होत्या,” दात वाजत असताना त्यानं कसंबसं विचारलं, “मग तुला कळलं कसं?”

“तेच तर,” मेहुणी म्हणाली. “एकची ठोक्याला आली. दोनची ठोक्याला आली. तीनचीही ठोक्याला आली, तेव्हा म्हटलं, भाऊजी काही आता आपल्यात नाहीत.”