आजचा वापर

बाही अर्धी जोडून झाली होती आणि शिलाई मशीन मध्येच थांबलं. सुई कापडात रुतलेली. थोरलीने पॅडल दोनदा दाबून पाहिलं. डोक्यावरचा पंखाही गिरक्या घेत मंदावला. आतल्या खोलीत आईचं ऑक्सिजनचं यंत्र मात्र नेहमीसारखं घरघरत होतं. म्हणजे बॅटरी शाबूत होती.

लगेच फोन वाजला.

"ताई, पुढच्या खोलीची लाइन मी बंद केलीय," धाकटा भाऊ म्हणाला. "सकाळपासून वीज नाही, आणि तू खुशाल शिवत बसलीयस."

"चार गणवेश राहिलेत रे. संध्याकाळी न्यायला येतील."

"आईच्या श्वासावर गणवेश शिवायचे?"

तिने कापड सोडवून घेतलं आणि हाताने टाके घालायला बसली.

धाकटा दुसऱ्या शहरात होता, दोन दिवसांच्या प्रवासावर. गेल्या वर्षी चार दिवसांसाठी आला होता. आईची फुप्फुसं निकामी होत आली होती. यंत्र तासभरही बंद पडता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि गावात वीज गेली की सहा-सहा तास तोंड दाखवत नसे. त्याने छपरावर आठ पॅनल बसवून घेतली, जिन्याखाली दोन मोठ्या बॅटऱ्या ठेवल्या. काम चोख केलं, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त जाताना सगळ्याची चावी तो आपल्या फोनमध्ये घेऊन गेला. घरात किती वीज जळते ते त्याला तिथे बसल्या बसल्या दिसे. कुठली लाइन चालू राहील, तेही तोच ठरवी.

त्याच्या फोनवरची वापराची रेषा जरा वर गेली की फोन यायचा. मिक्सर कुणी लावला? बाथरूमचा दिवा वीस मिनिटं कशाला?

आईला अंघोळ घालणं, चमच्याने भरवणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, हे थोरली करायची. ते कुठल्याच रेषेत दिसत नव्हतं. भेटायला येईल त्याला आई सांगायची, "माझा श्वास लेकाने पाठवलाय." त्याचा फोन आला की हळूच पुरवणी जोडायची, "काल दुपारीही शिवत होती बरं का." थोरली तेव्हा तिचे पाय चेपत असायची.

वीज त्या दिवशी आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. त्यात आभाळ भरून राहिलेलं. पॅनलवर ऊन म्हणून पडत नव्हतं. धाकट्याने एकेक करत सगळं घर बंद केलं. शेवटी आईच्या खोलीतला पंखाही. यंत्राचा प्लग तेवढा जिवंत ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीतली हवा दाटून आली. आईचा गाऊन घामाने भिजला.

"जरा पंखा लाव गं," ती म्हणाली.

थोरलीने फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, दबक्या आवाजात बोलत होता.

"पंखा की यंत्र, एकच काय ते ठरव, ताई. बॅटरी चाळीस टक्क्यांवर आलीय."

"तिचा जीव घाबरा होतोय रे. दहा मिनिटं तरी लाव."

"तुझी दहा मिनिटं म्हणजे किती, ते मला इथे दिसतं." त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाला?" आईने विचारलं.

"थोड्या वेळाने लावतो म्हणाला."

"मग बरोबरच असेल त्याचं. तुला काय कळतंय त्यातलं?"

थोरलीने मापाचा पुठ्ठा उचलला आणि वारा घालू लागली. एक हात भरून आला की दुसऱ्या हाताने. आईचे डोळे दाराकडे होते.

"तो कधी येतोय?"

"येईल."

आई पुढे काही बोलली नाही. डोळा लागला असेल, असं थोरलीला वाटलं. बऱ्याच वेळाने तिचं लक्ष गेलं. नळी नाकाशी होती, यंत्र हवा सोडत होतं, पण छाती हलत नव्हती. तिने आईच्या गळ्याशी बोटं टेकवली. नाकाखाली तळवा धरला. तरीही नंतर थोडा वेळ ती वारा घालतच राहिली.

मग तिने आईचे डोळे मिटले. नळी काढली, चेहरा ओल्या फडक्याने पुसला. पलंगामागे हात घालून यंत्राचं बटण बंद केलं. वर्षभरात पहिल्यांदा घरातली घरघर थांबली. स्वतःचा श्वास तिला ऐकू येऊ लागला.

धाकट्याला कळवायला हवं होतं. कसं सांगावं, ते वाक्य तिने दोनदा मनात घोळवलं. तो एकटाच असेल तिकडे, ऐकून कोसळायचा. सावकाश सांगू, आधी बस म्हणू. तिने फोन हातात घेतला, तोच तो वाजला.

"ताई, मीटिंग संपवून आत्ता बघतोय," धाकटा म्हणाला. आवाजात समाधान होतं. "रेषा एकदम तळाला आलीय. बघ, मनावर घेतलं की जमतं की नाही? वर्षभर उगाच माझ्याशी वाद घातलास."

थोरलीने पलंगाकडे पाहिलं. ओठांवर आलेलं वाक्य तिने गिळून टाकलं.

"जमलं रे," ती म्हणाली. "आता रोज एवढंच लागेल."